फळीखालची स्प्रिंग

मी एक स्प्रिंग. लोखंडाची, वीत-दीड वीत लांबीची, दोन्ही टोकांना आकडे असलेली. तुम्ही मला कधी निरखून पाहिलं नसेल, कारण आम्ही स्प्रिंगा नेहमी कशाच्या तरी खाली, मागे किंवा आत असतो. काम नीट चाललं की आमची आठवण कुणाला होत नाही आणि बिघडलं की पहिली शिवी आम्हाला बसते. तरीही आज मला बोलायचं आहे. ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते स्वतः काही सांगणाऱ्यांपैकी नाहीत.

माझी पहिली नोकरी मोगड्यावरची. मोगडा म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायचं, जमीन उकरणारं फणांचं अवजार. एका फणामागे मी आणि माझी जुळी बहीण अशा दोघी बसलो होतो. फणाला दगड लागला की आम्ही ताणलं जाऊन त्याला मागे सरकू द्यायचं आणि दगड ओलांडला की पुन्हा जागेवर आणायचं. चाकूरकडच्या काळ्या रानात वरून लोण्यासारखी दिसणारी माती खालून कशी असते, ते आम्हा दोघींना विचारा. एका उन्हाळ्यात असाच खडक लागला आणि बहिणीचा आकडा तुटला. मालकानं तो मोगडाच काढून टाकला. मी फिरत फिरत धम्मदीपच्या वेल्डिंगच्या दुकानात, कोपऱ्यातल्या ढिगात जाऊन पडले.

तिथे एका दुपारी गौरम्मा आल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीचं करडं, म्हणजे इष्टलिंग ठेवायची डबी, हातात कापडी पिशवी.

"धम्मदीप, हाईस का रं?"

"या की काकू. बसा. चा सांगू?"

"चा नको. आधी आजूबाजूला कोण हाय का बघ."

धम्मदीपनं तोंडावरची काच वर केली. "काकू, कुणाचा खून करायचाय का काय?"

"खून न्हाई रं बाबा. उलटं काम हाय. एक माणूस जगवायचाय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान गुरुपादप्पा. गावाच्या कडेला, घरासमोरच, त्यांचं मोठं सिमेंटचं खळं होतं. सुगीच्या दिवसांत आसपासचे शेतकरी ओलं सोयाबीन तिथे वाळवायला आणत. गुरुपादप्पांच्या छोट्या ट्रॅक्टरला पुढच्या बाजूला एक आडवी लोखंडी फळी होती. फळी खाली टेकवून ट्रॅक्टर पुढे घेतला की माल ढकलला जाऊन रास होई. मग फळी उचलायची, मागे यायचं, पुन्हा टेकवायची. मागच्या अवजारांना ट्रॅक्टरचं स्वतःचं बळ मिळतं, पण ही पुढची फळी गावठी होती. ती उचलायला बैठकीच्या उजव्या अंगाला एक लांब दांडा होता आणि तो हातानं ओढावा लागे.

गुरुपादप्पांच्या अंगावरून वारं गेलं होतं.

"पाय सुधारला," गौरम्मा म्हणाल्या. "तोंड बी सुधारलं, शिव्या तर पहिल्यापरीस साफ द्यायलेत. उजवा हात तेवढा मागं राहिलाय. काल दांडा वढता वढता घामानं भिजले. खाली उतरले आन म्हणले, इकून टाका हे ट्रॅक्टर. पोरगा मृत्युंजय तर वाटच बघायलाय. नांदेडला नेईल, चवथ्या मजल्यावर बसवील. तिथून काय बघतील ते? लोकांच्या गच्चीवरल्या टाक्या?"

"मंग दांडा डाव्या अंगाला करून देतो."

"करशील रं. आन ते बघून म्हणतील, मला लुळा ठरवलाव का सगळ्यांनी मिळून? त्या ट्रॅक्टरवर परत चढणार न्हाईत. असं काय तरी कर, की दांडा हलका व्हावा आन त्यांना कळू बी नये."

"काकू, अप्पाला फसवायचं?"

"हातभार लावायचा. सांगून घेणारा माणूस असता तर सांगितलं नसतं का मी?"

धम्मदीप ढिगापाशी आला, दोन-तीन वस्तू उचलून पाहिल्या, आणि मला बाहेर काढलं.

ट्रॅक्टर क्लचच्या कामासाठी दुकानात येणारच होता. तो आला तेव्हा धम्मदीपनं माझा एक आकडा चासीला, म्हणजे ट्रॅक्टरच्या सांगाड्याला, जोडलेल्या कडीत अडकवला आणि दुसरा फळीच्या बाहूला. फळी खाली गेली की मी ताणली जायचे, आणि दांडा ओढताच तो ताण सोडत फळीला वर घ्यायचे. पहिल्यांदा त्यानं मला इतकं आवळलं की दांडा दोन बोटांनी वर आला. गौरम्मा बाजूला उभ्या होत्या.

"एवढं हलकं नको रं," त्या म्हणाल्या. "संशय येईल. थोडा घाम आला पाहिजे."

त्यानं मला जरा ढील दिली. गौरम्मांनी स्वतः दांडा ओढून पाहिला. "आणखी थोडं जड." पुन्हा ओढून पाहिला. "आता बरोबर हाय." कुणाच्या हातात किती बळ उरलंय हे एवढं नेमकं ठाऊक असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मग माझ्यावर पत्र्याचं झाकण चढलं आणि मी अंधारात गेले.

"आण घालते तुला, तोंडातून काढायचं न्हाई," त्या जाताना म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पा ट्रॅक्टर न्यायला आले. आजारपणापासून त्यांना खाली वाकून बसता येत नव्हतं, त्यामुळे ट्रॅक्टरखाली डोकावण्याचा प्रश्न नव्हता. "हे झाकण कशाचं?" त्यांनी उभ्या उभ्या विचारलं. "दगड उडून पायपाला लागू नये म्हणून," धम्मदीप म्हणाला आणि उगाच पान्हा पुसत बसला.

खळ्यावर आल्यावर गुरुपादप्पांनी दांड्याला हात घातला. मला तो हात दांड्यातून जाणवला. आधी घाबरलेला, मग चिडलेला. त्यांनी ओढलं. मी ओढलं. फळी वर आली.

मग फळी खाली गेली आणि पुन्हा वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर.

"अगं ए! बाहेर ये!" त्यांनी हाक मारली. "ये लवकर!"

गौरम्मा पिठाच्या हातांनी दारात आल्या. "काय झालं? वरडायलाव कशाला?"

"दांडा बघ."

"काय बघू त्याच्यात?"

"अगं, उचलला की मी! ह्या हातानं उचलला!"

"मंग?" त्या म्हणाल्या. "रोज तेल काय फुकट चोळायलेय का मी?"

आणि त्या आत निघून गेल्या. आत जाऊन हसल्या की रडल्या, ते मला कळलं नाही.

त्या सुगीत खळं पुन्हा गजबजलं. गुरुपादप्पा सकाळी ट्रॅक्टरवर चढत ते ऊन उतरेपर्यंत खाली येत नसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दंड दाखवत. "तिळाच्या तेलात लसूण कढवायचा," ते सांगत, "आन कोमट असतानाच चोळायचं. डाक्टर काय करतेत? तेलानं हात आणला माझा." मग ज्यांच्या घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं होतं अशी माणसं बाटल्या घेऊन तेल मागायला येऊ लागली. गौरम्मा बाटली भरून देत आणि प्रत्येकाला हळूच बजावत, "तेल लावा, पण दवाखाना सोडू नका बरं. व्यायाम सोडू नका." हे सगळ्यांना सांगता येत होतं. घरातल्या माणसाला सांगायला गेलं की तो दंड दाखवत होता. दवाखान्यातून हात दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. गौरम्मा तो रोज ताटाशेजारी ठेवत आणि गुरुपादप्पा तो रोज बाजूला सारत. "बऱ्या माणसाला चेंडू कशाला? मी काय बारकं लेकरू हाय का?"

एक गोष्ट मात्र त्यांनाही बुचकळ्यात टाकायची. सकाळी ते ओट्यावर लिंगपूजेला बसत. डाव्या तळहातावर इष्टलिंग आणि उजव्या हातानं पूजा. कपाळाला विभूती लावताना तो उजवा हात भुवईपर्यंत जाऊन थरथरत थांबे. गौरम्मा शेजारी बसून कोपराला आधार देत, मग तीन बोटं कपाळावर टेकत.

"दांडा वढतो हा हात," एकदा ते म्हणाले, "आन चिमूटभर इभूत उचलंना. असं कसं गं?"

गौरम्मांनी डोळेही न उघडता उत्तर दिलं, "फळी उचलायचं बळ येगळं, देवापुढचं येगळं. ते सावकाश येतंय."

थंडी पडली तशी मी कुरकुरू लागले. कडीत आकडा घासून आवाज यायचा. गुरुपादप्पांनी एक-दोनदा कान दिला. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना गौरम्मा वाटी घेऊन आल्या, जमिनीवर बसल्या आणि झाकणाच्या फटीतून बोट घालून माझ्या दोन्ही आकड्यांना तेल लावलं. ते तिळाचं, लसणाचं तेल होतं. नुकतंच त्यांचा हात चोळून वाटीत उरलेलं. तेव्हापासून तो नेमच झाला. आधी त्यांचा हात, मग मी. "चल, तुझी बी पाळी," त्या कधीकधी म्हणत. माझ्याशी बोललेलं तेवढंच एक माणूस.

खळ्यावरचा शेवटचा माल गेला. हरभऱ्याला घाटे धरले. एका सकाळी गौरम्मांनी चहा ठेवला, दाराच्या चौकटीला टेकून जरा बसल्या आणि उठल्याच नाहीत. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा गुरुपादप्पा ओट्यावर होते. त्यांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

त्यांच्या लोकांत मेली म्हणत नाहीत, लिंगैक्य झाली म्हणतात. देह जाळत नाहीत. बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. नांदेडहून मृत्युंजय आला. अंगणात ट्रॉलीत खुर्ची बांधली, तिला झेंडूच्या माळा सोडल्या, आणि विभूती लावलेल्या गौरम्मांना तिच्यात बसवलं.

"ट्रॅक्टर मीच चालवणार," गुरुपादप्पा म्हणाले.

"अप्पा, आज नको," मृत्युंजय म्हणाला. "शेजारचा सोमेश चालवील."

ते चढले. दांडा ओढला. फळी सहज वर आली, सगळ्यांनी पाहिली. मग कुणी अडवलं नाही.

शेतात बांधाजवळ खड्डा तयार होता. स्वामींचे मंत्र झाले. ट्रॉलीतून खाली घ्यायची वेळ आली तशी तरणी मुलं पुढे झाली. गुरुपादप्पा ट्रॅक्टरवरून उतरून त्यांच्या मध्ये आले.

"बाजूला व्हा. मी उचलणार."

"अप्पा, तुमचा हात..." कुणीतरी म्हणालं.

"हात बरा हाय माझा. तिनंच बरा केलाय."

त्यांनी डावा हात पाठीमागे घातला आणि उजवा तिच्या काखेखाली. मृत्युंजय दुसऱ्या बाजूला होता. सगळ्यांनी मिळून उचललं आणि गुरुपादप्पांचा उजवा हात सुटला. दांड्यावरून सुटावा तसा नाही. आत काही नव्हतंच असा. गौरम्मांचं शरीर त्या बाजूला कललं, माळ तुटली, कुणीतरी "अरे अरे" म्हणालं आणि चार-पाच हातांनी त्यांना सावरलं. मग त्या मुलांनीच त्यांना खाली नेलं.

गुरुपादप्पा ट्रॉलीला टेकून उभे राहिले. उजवा हात डाव्या हातात धरून.

"दुःखानं माणसाचा हात गळतो, अप्पा," स्वामी म्हणाले. गुरुपादप्पांनी मान हलवली. माती लोटायच्या वेळी त्यांनी डाव्या हातानं मूठ टाकली.

पुढचे विधी उरकले, पाहुणे गेले. मृत्युंजय त्यांना नांदेडला नेण्यासाठी थांबला होता. तो बाजारात गेल्याची वेळ साधून गुरुपादप्पा खळ्यावर आले, ट्रॅक्टरवर चढले आणि दांडा ओढला. फळी वर आली. खाली सोडली. पुन्हा ओढली. मग ते उतरले, हौदाजवळची बादली निम्मी भरली आणि उजव्या हातानं उचलायला गेले. बादली हलली नाही. थोडं पाणी ओतून टाकलं. तरी हलली नाही. रिकामी केली तेव्हा कुठे वितभर वर आली आणि पडली. तिच्या आवाजानं खळ्यावरची कबुतरं उडाली.

त्यांनी धम्मदीपला फोन लावला.

तो आला तेव्हा ते ओट्यावर बसले होते. "धम्मदीप," ते म्हणाले, "एकच सांग. माझा हात खरा हाय, का तुझा ट्रॅक्टर?"

धम्मदीप उभाच राहिला. "काकूंनी आण घातली होती, अप्पा."

"हं. ती तर गेली."

त्यानं पान्हा काढला, खाली आडवा झाला आणि झाकणाचे नट सोडले. उजेड माझ्यावर पडला. गुरुपादप्पा ट्रॅक्टरच्या चाकाला धरून, एक गुडघा टेकत, मग दुसरा, कसेबसे खाली बसले. कितीतरी दिवसांत ते असे बसले नसतील. माझ्याकडे पाहण्याआधी त्यांनी वास घेतला. तिळाचं तेल आणि लसूण. पुढे धम्मदीपला काही सांगावं लागलं नाही.

मग ते म्हणाले, "तुझ्यापाशी हसायची का रं माझ्यावर?"

"हाव. लई हसायच्या. म्हणायच्या, दंड बघितलास का, पैलवान झालाय आमचा."

गुरुपादप्पांचं तोंड हसल्यासारखं झालं आणि मग वेडंवाकडं झालं. त्यांनी डावा तळहात डोळ्यांवर धरला. धम्मदीप दुसरीकडे पाहत राहिला.

"काढू का हिला?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मंग झाकण बसवू?"

"नको. उघडीच राहू दे."

नांदेडला ते गेले, पण राहायला नाही. मृत्युंजयनं तिथल्या डॉक्टरांना हात दाखवला. परत आल्यावर बापलेकांचं ओट्यावर बोलणं झालं ते मी ऐकलं. पहिल्या महिन्यांत व्यायाम झाला असता तर हात पुष्कळ सुधारला असता, आता फारशी आशा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"अव्वानं तुम्हाला सांगायला पाहिजे होतं," मृत्युंजय आईविषयी म्हणाला.

"तू गप बस," गुरुपादप्पा म्हणाले.

पण मुलगा गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात तेलाची वाटी होती. आता ती ते स्वतः आणत. त्या दिवशी त्यांनी मला तेल लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गौरम्मांवर रागवायला त्यांना दुसरी जागा नव्हती. मी कुरकुरत राहिले. मग एका सकाळी ते आले, खाली बसले आणि बोटानं माझे दोन्ही आकडे नीट माखले. राग गेला होता असं नाही. जवळ ठेवण्यासारखं फार थोडं उरलं होतं, आणि त्यात मी एक होते.

पूजेला आता ते हात कपाळाकडे नेत नाहीत. उजव्या हाताचं कोपर मांडीवर टेकवतात, बोटांना विभूती लावतात आणि कपाळच खाली आणतात.

उन्हाळाभर ट्रॅक्टर फळी टेकवून उभा होता. फळी खाली असली की मी ताणलेली असते. धम्मदीप येता-जाता सांगे, "अप्पा, उभं करताना फळी वर ठिवत जा. असं ताणून राहिल्यानं स्प्रिंग मरती." ते हो म्हणत आणि विसरत. सुगी आली तोवर माझ्या वेढ्यांत फटी दिसू लागल्या होत्या. मी ओढायचे, पण ओढण्यात पूर्वीचा जोर नव्हता. दांडा रोज थोडा जड होत गेला. मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं.

धम्मदीप नवी स्प्रिंग घेऊन आला. काळीभोर, चमकदार. "हिचं संपलं अप्पा. ही बसवतो. बघता बघता होतंय."

"नको. हीच बरी हाय."

"बरी कुठली? फळी निम्म्यावर आडकायली तुमची."

"म्हणलं ना, हीच राहू दे." मग आवाज उतरवून म्हणाले, "तिनं ठरवून बसवलीय रं ती. किती जड, किती हलकं, ते सगळं तिनं बघितलंय, तूच सांगितलंस ना."

धम्मदीपला दांडा ओढून पाहणाऱ्या काकू आठवल्या. नवी स्प्रिंग तो परत घेऊन गेला.

मग ती दुपार आली. खळ्यावर नागाबाईंचं सोयाबीन पसरलेलं होतं. नागाबाई शेजारच्या वाडीतल्या. नवरा नाही, मुलगी परगावी. वर्षाचं सगळं पीक त्या सिमेंटवर होतं. जेवणवेळ टळली आणि उदगीरच्या अंगानं आभाळ काळं होऊन आलं. परतीचा पाऊस सांगून येत नाही. गुरुपादप्पा धावल्यासारखे ट्रॅक्टरवर चढले.

पहिली खेप झाली. दुसऱ्या खेपेला फळी कशीबशी उचलली. तिसऱ्या खेपेला मी जीव खाऊन ओढलं, त्यांनी ओढलं, आणि फळी जमिनीपासून चार बोटं वर येऊन थांबली. ट्रॅक्टर मागे आला तसा तिनं गोळा झालेला माल परत ओढून पसरवून टाकला.

"अहो अप्पा! काय करायलाव?" नागाबाई फावडं घेऊन ओरडल्या. "भरलेलं परत सांडायलाव की!"

त्यांनी पुन्हा दांडा ओढला. कपाळावरच्या शिरा फुगल्या. माझे वेढे कण्हले. फळी हलली नाही. पहिले थेंब सिमेंटवर पडले.

त्या दिवशी माल फावड्यांनी ओढला. नागाबाई, गुरुपादप्पा डाव्या हातानं, रस्त्यानं जाणारी दोघं-तिघं. निम्मा ताडपत्रीखाली गेला. निम्मा भिजला. पाऊस थांबल्यावर नागाबाई ओल्या सोयाबीनपाशी बसल्या, मूठभर उचललं आणि खाली सोडलं.

"धम्मदीप नवी स्प्रिंग घेऊन आला होता म्हणं," त्या म्हणाल्या. वाडीत काही लपत नाही. "माझं पीक भिजवून कुणाची आठवण जपायलाव, अप्पा?"

गुरुपादप्पा डाव्या हातानं ताडपत्रीवरचं पाणी निपटू लागले.

"मी बी माणूस घालवलाय. मला सांगू नका." त्या उठल्या, पदर पिळला. "गौरम्मा असती ना, तर ती जुनी स्प्रिंग तिनंच उपटून उकिरड्यावर फेकली असती. तिला काम व्हायला पाहिजे होतं. तुम्ही ट्रॅक्टरवर दिसायला पाहिजे होतात. बस."

गुरुपादप्पा ओट्यावर बसले आणि फोन काढला. "धम्मदीप," ते म्हणाले, "ती घेऊन ये."

नवी स्प्रिंग बसताना ते शेजारी जमिनीवर बसले होते. किती आवळायची, असं धम्मदीपनं विचारलं.

"पाहिजे तितकी आवळ," ते म्हणाले. "हात माझा किती हाय ते आता सगळ्या गावाला ठावं झालंय. दोन बोटांनी आला तरी चालंल."

माझा शेवटचा आकडा त्यांनी स्वतः सोडवला. डाव्या हातानं ओढला, आणि उजवा हात उगाच माझ्या अंगावर ठेवला.

"भंगारात टाकू?" धम्मदीपनं विचारलं.

"टाक की. लोखंड तर हाय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आज राहू दे. भंगारवाला आला की देतो."

नागाबाईंचं उरलेलं सोयाबीन उन्हात पुन्हा पसरलं, पुन्हा वाळलं. जे भिजून काळं पडलं ते पडलं. राशीवर ताडपत्री घातली तेव्हा वाऱ्यानं कोपरा उडू नये म्हणून गुरुपादप्पांनी मला त्यावर ठेवलं. तेव्हापासून राशी बदलल्या, मी त्या ताडपत्रीवरच आहे. ट्रॅक्टर समोरून जातो-येतो. नवी स्प्रिंग चांगलं काम करते. तरुण आहे, आवाज करत नाही. गुरुपादप्पा दोन बोटांनी दांडा ओढतात आणि लोकांना दंड दाखवत नाहीत.

भंगारवाला आठवड्याला येतो. हातगाडी खळ्याच्या तोंडाशी लावतो आणि विचारतो, "अप्पा, ते स्प्रिंग देताव का?" गुरुपादप्पा माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "पुढच्या खेपेला." मग मला पुन्हा तेल लावतात.

ज्यांच्या घरात कुणीतरी कुणाला न कळता आधार देत असेल, त्यांच्यासाठी माझं एवढंच मागणं आहे. आधार द्या, पण दोघं आहात तोवर एखाद्या दिवशी सांगून टाका. भांडण होईल, अबोला होईल. पण तो दोघांत होईल. नंतर ज्याच्याशी भांडायचं तो माणूस सापडत नाही, आणि मग सगळं एका लोखंडाच्या तुकड्यावर येऊन पडतं.

आणि अप्पा, तुम्हाला. पुढच्या खेपेला मला खरंच देऊन टाका. लोखंडाला भट्टीचं भय नसतं. वितळेन, कुणाच्या दाराची कडी होईन, कुणाच्या हातातला विळा होईन. तेल तुमच्या हातालाच लावत जा. ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवायला साधा दगडसुद्धा चालतो.